लाल पुरचुंडीतली मुक्ती

तैवानमधल्या चियायी गावात माझूदेवीच्या देवळापुढे दोनशे माणसं जुने लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. दवाखान्यात तापाने फणफणलेली लेकरं आणावीत तशी. मंचावर चुआंग गुरू डोळे मिटून डोलत होते.

"यंत्र म्हातारं का होतं? त्यात मेलेल्यांचे आवाज साठतात म्हणून!" ते गरजले. दोनशे माना हलल्या. त्यांत तीन इंजिनियरही होते.

त्यांना तरी काय हसायचं? या गावातली प्रत्येक कचेरी संगणकाने नीट चालावं म्हणून त्याच्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवते. त्यापुढे यंत्रातले आवाज घालवणारी गुरूंची लाल पुरचुंडी म्हणजे किरकोळच. शिवाय देवळातली पुरचुंडी उघडली की देवी निघून जाते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. चुआंगचं दुकान याच भरवशावर चाललं होतं.

विज्ञानाच्या शिक्षिका फान पी-युन शेजारच्या लुओ आमाला, म्हणजे लुओ आजीला, सोबत म्हणून आल्या होत्या. आमाचे दिवंगत यजमान बाहुल्यांचे खेळ करत. त्यांच्या आवाजातले अकरा खेळ त्या बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये होते, दुसरीकडे कुठेच नव्हते.

गुरूंनी पुरचुंडीचं धातूचं टोक लॅपटॉपच्या बगलेत खुपसलं, यंत्र सुरू केलं आणि मंत्र पुटपुटले. एरवी भात शिजेपर्यंत घुरघुरणारं यंत्र मिनिटभरात उजळलं. पडद्यावर निळा डोंगर, खेळ मात्र कुठेच नाहीत. टाळ्यांचा कडकडाट.

"आणि यांचे आवाज?" आमाने विचारलं.

"मुक्त झाले. तेच यंत्राच्या उरावर बसले होते. आता शुद्धी. इथे बोट दाबा."

आमाचं बोट पुढे गेलं. फानबाईंनी मनगट धरलं.

"आमा, काय लिहिलंय ते वाचलंत?"

"चष्मा घरी राहिला गं."

"मी वाचते. 'डिस्कवरचं सगळं पुसून लिनक्स बसवायची?'"

"बाई, ती देवभाषा आहे!" गुरू खेकसले.

"हो का? देवभाषेत 'रद्द करा'ही आहे." त्यांनी ते दाबलं, यंत्र बंद केलं आणि पुरचुंडी ओढून काढली.

"उघडू नका! देवी कोपेल!"

आत कापूस होता आणि एक पेनड्राइव्ह. बाईंनी तो उघडाच खोचून यंत्र सुरू केलं. मिनिटभरात तोच निळा डोंगर.

"मंत्र म्हटला का मी? साधी शिंकलेसुद्धा नाही. ही यंदाची लिनक्स, यंत्र चालवणारी प्रणाली, जगात कुणालाही फुकट मिळते. अंगाने हलकी, म्हणून म्हातारं यंत्र तिला पेलतं. ती या काडीवरून चालते, आतल्या डिस्कला हात लावत नाही. म्हणून आवाज दिसेनात. गेले मात्र नव्हते, त्या बटणाने गेले असते."

त्यांनी डिस्क उघडली. अकरा खेळ जागच्या जागी. एकावर टिचकी मारताच विदूषक बाहुला खिदळला. आमाने थेट बाहीने डोळे पुसले.

गुरू 'अश्रद्धेची बाधा' असं काहीसं बडबडत मागच्या दाराने सटकले.

"तरी गुरूंच्या हाताला गुण होता हं," गर्दीतला एक इंजिनियर म्हणाला.

"गुण काडीत होता," फानबाई म्हणाल्या. "ती तुम्हीही घरी बनवू शकता. आधी आपल्या फायलींची नक्कल काढा. बटण दाबण्याआधी त्यावरचं वाचा. कळलं नाही तर विचारा, आणि विचारलं म्हणून जो डोळे वटारेल त्याच्या हाती यंत्र देऊ नका. डोकंही देऊ नका."

आमाने फानबाईंची बाही ओढली.

"ती नक्कल कशी काढतात गं? आत्ता दाखव. इथेच."