दिवेलागणीची वीज

नागावात घरोघरी छतावर सौर पॅनेल आणि पडवीत बॅटरी आली, तेव्हा रंगूची सून नूतनच दारोदार समजावत फिरली होती. सगळ्यांच्या बॅटऱ्या जोडल्या की गावाचं एक वीजकेंद्रच झालं. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वीज कंपनी फोनवर विचारणार, आपण हो म्हटलं की साठवलेली वीज तारेवर जाणार. सगळं गाव हो म्हणे. एकटी रंगू नाही म्हणे.

कारण कंपनी मागायची नेमकी दिवेलागणीला, आणि त्या वेळी रंगूच्या घरातून मीठ, दूध, विरजण काही म्हणजे काही बाहेर जात नसे. लक्ष्मी जाते. नूतनने डोकं आपटून घेतलं, पण बाई ढिम्म. शेजारच्या करमअलींचं अगदी उलट. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वक्ताला मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही, म्हणून ते मुलीला, कुबराला, रोज हो म्हणायला लावत. दम्यासाठी त्यांना लागणारं ऑक्सिजनचं मशीन काय, तारेवरच्या विजेवर चालतच होतं.

त्या संध्याकाळी वारा सुटला, कुणाच्या तरी वाडीतला माड तारांवर पडला आणि सगळी आळी अंधारात बुडाली. करमअलींची बॅटरी नुकतीच देऊन रिकामी झाली होती. रंगूची काठोकाठ भरलेली.

कुबरा वायर घेऊन धावत आली. "रंगूकाकी, एवढी जोडू द्या. अब्बांना दम लागलाय."

रंगू देवापाशी दिवा लावत होती. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याची घरघर ऐकू येत होती, तरी तिच्या तोंडून हो निघेना. काडी बोटापर्यंत जळत आली. कुबरा नुसती बघत राहिली.

मग रंगूला सुचलं. "वायर न्हाय जायची भायेर. त्यांनाच हितं आण, मशीनसकट. घरात येणाऱ्याला कुठं मनाई हाय?"

नूतन आणि कुबराने त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. मशीन सुरू झालं. हळूहळू ओठांवरचा निळेपणा ओसरला. करमअली म्हणाले, "रंगू, तुझी लक्ष्मी हाय तिथंच हाय गं."

रंगू हसली. सुटले बाई, असं तिला वाटलं. तिने चहा टाकला, पहिला कप कुबरापुढे धरला.

कुबराने तो घेतला नाही. वायर अजून तिच्या हाताला गुंडाळलेली होती, आणि ती रंगूकडे बघत नव्हती. रंगूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.