वळणापलीकडचे आकडे

नवरोझ उलटला आणि घळीतलं बर्फ वितळलं, की आमचे उस्तो लाल रंगाचा डबा शोधायला लागायचे. डबा कायम एकाच जागी असायचा, तंदूरमागच्या फळीवर. पण मला हाक मारल्याशिवाय त्यांना तो कधी दिसला नाही. मी काडीनं रंग ढवळून द्यायची, घट्ट झाला असेल तर जवसाचं तेल घालायची, दोन रोट्या आणि मूठभर सुके जर्दाळू फडक्यात बांधायची. मग ते गाढवावर डबा लादून घळीत जायचे आणि आमच्या लेकीनं खडकांवर घातलेले आकडे पुन्हा गिरवून यायचे. एकवीस वर्षं हे चाललं.

उस्तो म्हणजे गवंडी. दहाना गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. सगळा गाव त्यांना उस्तोच म्हणतो, आणि मी तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. त्यांनी बांधलेली एकही भिंत कलली नाही, हे ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

ओयदीन आमची एकुलती एक. समरकंदला जाऊन दगडांचं शिकली आणि दुनियेतले सगळे डोंगर सोडून आमच्याच घळीत कामाला परत आली. नदीनं डोंगर चिरलाय, तिथं थरावर थर दिसतात. ती एकेक थर मोजायची, त्यातले दगड झालेले शिंपले आणि प्रवाळं टिपून ठेवायची आणि थरावर लाल आकडा घालायची. एक नंबरचा थर सगळ्यात जुना, पुढे जावं तसा नवा. खालचे डेव्होनियन काळातले, वरचे त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळाच्या सुरुवातीचे, असं ती सांगायची. दोन्हींच्या मधे दीड वीत जाडीचा काळा थर होता, बावन्न नंबरचा. त्यात म्हणे जवळजवळ काही सापडत नाही, कारण समुद्रातली निम्मी जनावरं तेव्हाच मेली.

"कुठला समुद्र?" मी विचारायची. "आपल्याकडे मीठसुद्धा गाढवावरून येतं."

"आयाजान, गावातल्या पोरींच्या मनगटाला दृष्टीसाठी जे दगडी मणी बांधतेस ना, ते समुद्राच्या तळावर उभ्या राहणाऱ्या जनावरांचे देठ आहेत. पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचे."

"असतील. पण दृष्ट लागत नाही, हेही खरं."

ती हसायची. तिला मणी बांधला होता लहानपणी, मीच बांधला होता. पुढे जे झालं ते झालं.

एका दुपारी मी पाहुण्यांचे कुरपाचे घड्या घालून रचत होते. आमच्याकडे बसायला-निजायला हेच असतात, कापूस भरलेले, एका अंगाला फुलांचं रेशमी कापड आणि दुसऱ्या अंगाला साधं. ओयदीन आली, माझ्या हातातला कुरपाचा घेतला आणि जमिनीवर पसरला. फुलं वर.

"आता बघ." तिनं एक बाजू उचलून दुसरीवर दुमडली. "वरच्या अर्ध्यात फुलं कुठं गेली?"

"खाली. आंधळी नाही मी."

"नदीच्या वळणापलीकडच्या कड्याचं हेच झालंय. डोंगर दुमडला आणि तिथले थर पालथे पडले. अलीकडे आहेत तेच अकरा थर पलीकडे पुन्हा येतात, पण जुने वर आणि नवे खाली. आजवर सगळे समजत होते की काळे थर दोन आहेत. दोन नाहीत, आयाजान, एकच आहे."

"आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"प्रवाळांनी. ती प्याल्यासारखी असतात, तोंड वर करून वाढतात. त्या कड्यात सगळ्यांची तोंडं खाली आहेत. पालथ्या प्याल्यात तू कधी चहा ओततेस का?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर तिच्या सगळ्या विद्येतलं मला तेवढंच नीट कळलं. "मग हे तुझ्या दादाजानना सांग," मी म्हटलं. बापाला ती दादाजान म्हणायची.

"सगळं लिहून झालं की सांगेन. आत्ता सांगितलं तर म्हणतील, गवंड्याच्या पोरीनं भिंत वरून खाली बांधली." आणि कुरपाचा तसाच टाकून ती पळाली. घडी मलाच घालावी लागली.

पुढच्या वसंतात तिला ताप यायला लागला. समरकंदच्या डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला. तुती पिकायच्या आत ती गेली. सव्वीस वर्षांची होती. तिच्या वह्या सरकारी कचेरीत जमा होत्या. दोन वर्षांत देश मोडला, कचेरीला कुलूप लागलं, वह्या कुठं गेल्या ते अल्ला जाणे. उरले फक्त खडकांवरचे आकडे. म्हणून उस्तो ते गिरवत राहिले. बाजारात रंग मिळेना अशीही वर्षं आली, तेव्हा विटेची भुकटी तेलात कालवून गिरवले. मी मात्र ती गेल्यावर वळणापलीकडे कधी पाऊल टाकलं नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगायची. गुडघे दुखायचेही.

गेल्या वर्षी गव्हर आली. ओयदीनबरोबर शिकलेली, वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली. आता केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. आमच्या घळीवर पुस्तक निघणार होतं, जगभरचे लोक ते वाचणार होते, आणि घळीत कुणी काय शोधलं ते त्यात यायचं होतं. दोन दिवस ती घळीत हिंडली. तिसऱ्या दिवशी दुपारी चहाला बसली आणि प्याला हातात नुसता फिरवत राहिली.

"चहात काही पडलंय का?" मी विचारलं.

"नाही खालाजान. एक सांगायचंय, कसं सांगू कळत नाही." तिनं पिशवीतून कागद काढला. "वळणापलीकडचा कडा पालथा आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी बाहेरून माणसं आली होती, त्यांनी ते छापलं. ओयदीनचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. पण त्यांनी लिहिलंय की आधीच्या मोजणीत ही चूक झाली होती, कडा सरळ समजला गेला होता. म्हणजे ओयदीनची चूक. मला ते खोडायचं होतं. म्हणून आले. पण आकडे तसेच आहेत, खालून वर, एकोणसाठ ते एकोणसत्तर. तिला ते कळलं नव्हतं."

"तिला कळलं होतं," मी म्हटलं. "मला तिनं इथंच, या जमिनीवर दाखवलं." मी उठले, चळतीतला वरचा कुरपाचा ओढला, पसरला, दुमडला. फुलं, पालथे प्याले, एकच काळा थर, सगळं तिच्या शब्दांत सांगितलं.

गव्हरनं चष्मा काढून डोळे पुसले. "माझा विश्वास आहे, खालाजान. पण पुस्तकात कुरपाचाचा दाखला कसा देऊ? वह्या नाहीत. खडकावर जे आहे तेच धरतील."

उस्तो दाराजवळ बसले होते. त्यांच्याकडे पाहिलं तर तोंडावरचा रंग उडालेला. मला वाटलं छातीत कळ आली.

"खडकावर जे आहे ते तिचं नाही," ते म्हणाले. "ते माझं आहे."

आधी आम्हाला कळलंच नाही.

"ती दवाखान्यात होती तेव्हा मी घळीत गेलो होतो. वळणापलीकडे पाहिलं तर अठ्ठेचाळीस ते अठ्ठावन्न पुन्हा लिहिलेले, अलीकडे होते तेच आकडे. आणि तेही उलटे. अठ्ठेचाळीस वर, अठ्ठावन्न तळाला. मला वाटलं, पोरीनं तापात लिहिलंय. साहेब लोक येतील, हसतील तिला. पहिला थर खालीच असतो, एवढं मला कळतं. चुन्यात दगडाची पूड कालवली, भिंतीची चीर बुजवतात तसे तिचे आकडे बुजवले आणि वर नवे घातले. खालून वर."

मी आयुष्यभर या माणसाला टोमणे मारत आले, पण त्या दिवशी बोलले तसं कधी बोलले नाही. इथं लिहीत नाही. गव्हरनं माझा हात धरला तेव्हा थांबले. ते मान खाली घालून ऐकत होते. एकदाही म्हणाले नाहीत की तू तरी मला कुरपाचाचं का सांगितलं नाहीस. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

गव्हर उस्तोंना अमाक म्हणायची, म्हणजे काका. तिनं हळूच विचारलं, "अमाक, बुजवलेत म्हणजे पुसले नाहीत ना?"

"पुसायला हात धजला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाढवावर बसून वळणापलीकडे गेले. एकवीस वर्षांनी. खडकात पालथी प्रवाळं होती, तिनं सांगितली तशीच, तोंडं खाली. उस्तोंनी तळाच्या आकड्याला सुरी लावली. चुना निघाला आणि त्याच्याबरोबर खालचा रंगही भुगा होऊन पडला. तिचा अठ्ठावन्न गेला. ते सुरी हातात धरून तसेच उभे राहिले.

"थांबा," गव्हर म्हणाली आणि तिनं आम्लाची बाटली काढली, या लोकांच्या खिशात असते ती. चुनखडीवर थेंब टाकला की फेस येतो. ओयदीन अंगणातल्या दगडांवर टाकून मला दाखवायची. गव्हरनं वरच्या आकड्यावर थेंब थेंब सोडले. उस्तोंचा साठ फसफसला, वाहून गेला, आणि खालून एक सत्तावन्न वर आला. सातच्या पोटात आडवी रेघ. मी ते अक्षर कुठंही ओळखलं असतं. गव्हरनं घाईनं फोटो काढला. तेवढ्यात आकड्याखालचा खडकही फसफसायला लागला, कारण तोही चुनखडीच, आणि रंगाचा पापुद्रा सुटून नदीत पडला.

असे छप्पन्न, पंचावन्न झाले. शिडीवर चढून बावन्न. त्याच्या शेजारी एक बाण होता, खाली टोक केलेला.

"हा काय?" उस्तोंनी विचारलं. "मला वाटलं होतं पाय जपून टाका, खाली खोल आहे."

"नवे थर कुठल्या बाजूला आहेत ते दाखवतो, अमाक," गव्हर म्हणाली. ती रडत होती. "तिला सगळं कळलं होतं."

बाणही गेला. उस्तो पुढचा आकडा दाखवायला लागले तेव्हा तिनं बाटलीला बूच लावलं. "पुरे. एवढ्यावर कुणी नाही म्हणणार नाही. बाकीचे सहा राहू द्या."

त्या सहांवरचे स्वतःचे आकडे उस्तोंनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढले. आता तिथं चुन्याचे सहा कोरे ठिपके आहेत. त्यांच्या आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे.

पुस्तक शरदात आलं. गव्हरनं खूण घालून पाठवलं होतं. त्या पानावर ओयदीनचं नाव आहे, आणि लिहिलंय की हा कडा पालथा आहे हे पहिल्यांदा तिनं ओळखलं. खाली बावन्नचा आणि बाणाचा फोटो. मी शेजारणींना दाखवून आले, तिच्या कबरीपाशी वाचून आले. उस्तोंनी पुस्तकाला हात लावला नाही. आठवडा गेला तरी नाही.

शेवटी मीच चिडले. "आता तरी बघा. झालं ते निस्तरलं ना? पोरीचं नाव आलं."

ते अंगणातल्या ओट्यावर बसले होते.

"आकडे बुजवून मी घळीतून थेट दवाखान्यात गेलो होतो," ते म्हणाले. "हाताचा चुनासुद्धा निघाला नव्हता. तिनं विचारलं, दादाजान, वळणापलीकडचे आकडे टिकलेत का? बर्फानं गेले नाहीत ना? वह्यांपेक्षा ते महत्त्वाचे आहेत म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, कालच पाहून आलो, सगळं ओळीत आहे. तिनं माझा हात ओढून डोळ्यांना लावला. आता मला काळजी नाही, म्हणाली. आणि झोपली."

मी पुस्तक मिटलं. त्यांचा हात तसाच गुडघ्यावर उताणा पडला होता. मी शेजारी बसले आणि तो माझ्या डोळ्यांना लावला.