फ्लॅश पडला तरी हलायचं न्हाय!

“अप्पा, तुमच्या फोटोतली माणसं पिठाच्या डब्यात पडल्यासारखी का दिसतात?”

मित्रांनो, हा प्रश्न भुवीला तिच्या मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावला होता. तोही मावशीच्या डोहाळजेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर! आणि ते फोटो ज्याच्यातून निघाले, तो मी. मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. भवानी पेठेतल्या महेश्वरअप्पांचा, म्हणजे भुवीच्या वडिलांचा.

जन्म माझा दूरच्या कारखान्यातला. पण अप्पांनी मला घरी आणलं, तेव्हा भुवीच्या अव्वानं, म्हणजे आईनं, मला कुंकू लावलं होतं! बारसं असो, साखरपुडा असो, माझ्याशिवाय कुणी हसायचंच नाही. मग घरात मोबाइल आले आणि मी कपाटात, चादरींच्या घडीखाली गेलो. दोन दिवसांपूर्वी महानंदामावशीच्या हट्टामुळे बाहेर निघालो होतो. गच्चीवर दिवेलागणीला तिला एकच फोटो हवा होता. त्यात तिचा चेहराही दिसायला हवा आणि भोवतीच्या पणत्याही.

अप्पांनी मला नेहमीसारखं ‘ऑटो’वर ठेवलं आणि फ्लॅश मारला. मावशी पांढरीफटक, मागं काळोख. पणत्या गायब! त्यावरच मैत्रिणी खुसखुसल्या आणि भुवीनं तो प्रश्न विचारला होता.

अप्पा चिडले. “लई कळतंय की तुला! मग तूच काढ. जमलं न्हाय, तर उद्या हे डबडं भंगारात!”

भुवी मात्र गेले दोन दिवस माझ्या डोक्यावरच्या, फोटोची तऱ्हा बदलणाऱ्या चकतीशी खेळत होती. तिनं मला ‘स्लो सिंक’वर आणलं. म्हणजे काय, सांगू? आधी मी फ्लॅश टाकून चेहरा उजळतो, आणि त्यानंतरही डोळा उघडाच ठेवून पणत्यांचा उजेड पिऊन घेतो! हात हलू नये म्हणून तिनं मला पालथ्या डब्यावर बसवलं.

लख्ख!

“झालं गं बाई,” म्हणत मावशी वळली. पणत्या झकास आल्या, पण मावशीला दोन नाकं!

“अय्यो! पिठातनं काढली आणि भूत केलं की!” मैत्रिणी हसून लोळल्या.

भुवीनं ओठ चावला. मग एकदम टाळी वाजवली. “कळलं! फ्लॅश पडला की फोटो झाला, असं वाटतंय तुमाला. तसं न्हाय! आता मी गड्ड्याच्या यात्रेत सगळे देवाच्या नावानं करतात, तो जयघोष करणार. माझं ‘एकदा भक्तलिंग’ संपेपर्यंत कुणी हलायचं न्हाय. मग ‘हर्र’ सगळ्यांनी म्हणायचं!”

लख्ख! “एकदा भक्तलिंगऽऽ...”

मावशी मूर्तीसारखी बसली. मी पोटभर उजेड प्यायलो. खट्!

“हर्रऽऽ!” गच्ची दणाणली.

आणि माझ्या पाठीवरच्या पडद्यावर? मावशीचा गव्हाळ, हसरा चेहरा, भोवती एकेक पणती जिवंत!

“ही मीच हाय व्हय गं?” मावशीचे डोळे भरले.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आयला, ही चकती फिरती व्हय?”

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायच्या आधी तिची सगळी बटणं एकदा तरी दाबून बघा. आमच्या पोटात काय काय असतं, ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही हो!

भुवीनं मला गळ्यात अडकवलं आणि अप्पा-अव्वांसमोर जाऊन उभी राहिली.

“ऐका. यंदा शाळेच्या गॅदरिंगचे फोटो मी काढणार. आणि कॅमेरा चादरीखाली न्हाय, माझ्याजवळ राहणार. ठरलं!”