रक्ताने ठेवलेली नोंद

सूनबाई बागेत असते तेव्हा मी मागच्या दाराशी पुस्तक उघडून बसतो आणि बहुतेक वेळा एकही पान उलटत नाही. तिच्याकडे बघत राहतो. चार वाफे, एक शेंगांचा वेल, टोमॅटोची दहा रोपं, एवढीच बाग. पण ती चिमटीत माती घेऊन जरा चोळते आणि सांगते, "आज पाणी नको." माझं आयुष्य ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेलं. चिमूटभर ऐवजातून एवढं वाचणारा वाचक मला तिथे भेटला नाही.

तिला पाचवा महिना होता. आधीचं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्याविषयी घरात कुणी बोललं नाही. ती आठवड्याभरात खुरपं घेऊन मागे गेली आणि तिथेच सावरली. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बाग बंद करायला सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं. वजन उचलू नका, उन्हात बसू नका, फवारणी करू नका, हातमोजे घाला, एवढंच त्या म्हणाल्या. तिने तीन गोष्टी पाळल्या. हातमोजे मात्र नाही. "मोजे घालून मातीची ओल कशी कळणार, बाबा?"

मग एका सकाळी बागकामाच्या जाड पुस्तकात मला ते पान सापडलं. मांजराच्या विष्ठेतून मातीत एक बारीक जंतू येतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

शेजारचा बोका, ज्याला सगळे 'साहेब' म्हणतात, दोन महिने रोज आमच्या मागच्या दाराशी येत होता. कारण मी त्याला बशीभर दूध घालत होतो. दूध पिऊन तो पालेभाजीच्या वाफ्यात जाई, नीट खड्डा करी, नीट बुजवी. मला वाटे, काय स्वच्छ जनावर!

सासऱ्याने सुनेशी हे बोलायचं कसं? पहिल्या दिवशी मी हातमोजे उंबऱ्यावर ठेवले. तिने ते पाखरं हुसकायला काठ्यांवर चढवले. दुसऱ्या दिवशी पुस्तक ते पान उघडून बाहेर ठेवलं. बियांच्या पुड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने त्या पुस्तकाखाली दाबल्या. तिसऱ्या रात्री जेवताना तीच म्हणाली, "बाबा, तीन दिवस तुम्ही माझ्या हातांकडे बघताय. काय झालंय?"

मी जंतूचं सांगितलं. दुधाचं नाही सांगितलं.

ती उठली आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. नळ बराच वेळ चालू होता. मुलगा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "तीन दिवस, बाबा?"

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासायला दिलं. अहवाल यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस ती बागेकडे फिरकली नाही. पाणी मी घातलं, बहुधा नको तितकं.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. अहवाल वाईट आला तर नंतर आपण कधीच बोलणार नाही, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक होतं.

"साहेब आपणहून येत नव्हता," मी म्हणालो. "मी त्याला दूध घालत होतो."

"रोज?"

"दोन वेळा."

"सायीसकट?"

"सायीसकट."

"म्हणजे माझ्या चहातली साय..." तिने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, विचारायचा मला धीर झाला नाही. तेवढ्यात आत बोलावलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "लहानपणी घरात मांजर होतं?"

"मांजर? सात होती. एक तर माझ्या अंथरुणातच व्यायली होती."

"मग तेव्हाच कधीतरी लागण होऊन गेली असणार. दोन दिवस कणकण आली असेल, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण तुमच्या रक्ताने लक्षात ठेवलंय. आता तो जंतू ते बाळापर्यंत सहसा पोचू देत नाही. नवी लागण काही दिसत नाही." मग आवाज चढवून म्हणाल्या, "तरी हातमोजे घालायचे. भाजी धुवायची. मातीत हा एकटाच राहतो असं समजू नका."

मी खुर्चीचा हात धरून बसलो. सात-आठ वर्षांची एक पोर कधीतरी तापली, बरी झाली, विसरली. तिच्या आईलाही आठवत नसेल. आणि शरीराने त्याची नोंद करून ठेवली, वीस वर्षं, ना क्रमांक, ना कपाट. मी चाळीस हजार पुस्तकांना क्रमांक घातले. त्यातलं हवं ते ऐन वेळी सापडायचंच असं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुटलात असं समजू नका. बशी बंद. आणि त्या वाफ्यातली वरची माती तुम्ही काढायची. मोजे घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावलीत स्टुलावर बसली आणि मी गुडघे टेकले. खुरपं उलटं धरलं म्हणून पहिल्याच मिनिटाला बोलणी खाल्ली. वाफ्याच्या कडेला मातीचं एक ढेकूळ जरा वर उचललेलं दिसलं. खाली काहीतरी फिकं, वाकलेलं, अंगठ्याएवढं होतं.

"थांबा! घेवडा आहे तो. तपासणीच्या आदल्या दिवशी पेरला होता मी."

मी वाकून पाहिलं. बियाची दोन दळं अजून मातीत होती आणि ती वाकलेली मान आपल्यापेक्षा मोठं ढेकूळ पाठीवर घेऊन उठत होती. अंकुर हा शब्द मी किती वेळा वाचला असेन. पाहिला नव्हता.

"ढेकूळ काढू का?" मी हळू आवाजात विचारलं.

"राहू द्या. उचलेल ते. तुम्ही आजूबाजूची काढा." थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, श्वास घ्या."

वीतभर जागेतली माती काढायला मला दुपार झाली.