दोन अर्थिंगमधली घूं

अमीनाबादहून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड, लाल दिव्याचा.

कोमट मुगाचं कढण.

जुन्या भिंतीतलं अर्थिंग. एसीसाठी नंतर घातलेलं दुसरं.

मिटलेले ओठ.

निनादच्या आईला, पद्मिनीबाईंना, दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून लखनौच्या अलीगंजमधल्या घरात त्यांचा आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, आवडीची गाणी लावत जा. जानेवारीत निनादने त्यांच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर लावला, त्याला लॅपटॉप जोडला. गाण्याखाली सतत घूं.

"आईंना गाणं ऐकवतोयस की पिठाची गिरणी?" त्याची बायको, कांचन.

"ग्राउंड लूप आहे, यार. अ‍ॅम्प्लिफायर या भिंतीत, लॅपटॉप त्या भिंतीत. दोन अर्थिंग भांडतायत."

"मग मिटव ना. दोन आठवडे तेच ऐकतायत बिचाऱ्या."

रविवारी दोन्ही प्लग एकाच बोर्डावर.

गाणं स्वच्छ.

गाणं संपलं.

घूं.

लॅपटॉपची वायर काढली. घूं. स्पीकर काढले. घूं. मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद केला. फ्रीजही गप्प झाला. घूं.

"शेजारच्यांची मोटर असेल," म्हणत कांचन पलंगाकडे वळली आणि तिथेच थांबली.

निनादने आईच्या गळ्यावर बोटं ठेवली. बोटांना गळ्यातली थरथर जाणवली.

"आई?"

तोच सूर. श्वासापुरता तुटायचा, पुन्हा तिथेच.

निनाद हसला, रडला. पुण्याला बहिणीला फोन केला. आवाज आलाय, म्हणाला.

संध्याकाळी चमचा ओठांशी नेला. ओठ उघडेनात. पाणीही नाही. सोमवारी तसंच. आईचा घसा खरवडला, सूर हलला नाही. डॉक्टर म्हणाले, भरती करा.

"निनाद, लॅपटॉपचा प्लग परत त्या भिंतीत लाव."

"काहीतरीच काय."

"लाव म्हणते ना. मशीनचं काम त्या करतायत."

"आणि आवाज गेला तर? परत कधी..."

"जेवतील तरी."

तो बराच वेळ प्लग हातात धरून उभा राहिला. मग खोचला.

स्पीकरमधून घूं. आई गप्प. ओठ उघडले. कांचनने भरवायला घेतलं.

आता मे आहे. गाणी कोणी लावत नाही, स्पीकरची घूं मात्र दिवसरात्र चालू. वीज गेली की दोघं आधी इन्व्हर्टरकडे धावतात.

मार्चमध्ये कानांची तपासणी झाली होती. पद्मिनीबाईंना झटक्याच्या दिवसापासून काहीही ऐकू येत नाही.