उजवीकडचा पाट

“सर, दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली अन् सूत्राला नुसतं उणे चिन्ह लागलं, तर बिघडलं कुठं? वर्ग केला की उणे जातंच की!”

लालासाहेब भर वर्गात परत तेच विचारत होता. सांगलीचं ऊन, त्यात ह्याची चिकाटी! “लागतं म्हणून लागतं,” म्हणून मी खेकसलो अन् फळा पुसला. खरं सांगायचं तर मलाच उमगलं नव्हतं. अदलाबदल करून सूत्र तसंच राहिलं तर सममित, चिन्ह उलटलं तर प्रतिसममित, अन् इलेक्ट्रॉनांचं उलटतं. पाठ होतं सगळं. पाठ असून काय करता!

अदलाबदलीचा धंदा तर मी स्वतःच करत होतो. सिद्धू माझा जुळा भाऊ. आम्हाला कुणी वेगळं ओळखेल तर शपथ. तो पलटणीत गेला अन् महायुद्धात तिकडं इटलीत पडला. आई मोतीबिंदूनं आंधळी, तिला सांगायची माझी छाती झाली नाही. सिद्धू पुण्याच्या छावणीत आलाय, अशी थाप मारली. मग कधी माझ्याच नावानं, जोतिबा म्हणून गावी जायचो, कधी सिद्धू म्हणून. आवाज तोच, बांधा तोच. सांभाळायचं एवढंच, की जेवताना सिद्धू आईच्या उजव्या हाताला अन् मी डाव्या. बैलांच्या जागा बदलल्या की जोडी चालत नाही, तसं आमचं लहानपणापासूनचं.

त्या रविवारी मिरजेहून गाडीत उभ्यानं आलो. रहिमतपूरला उतरून गावापर्यंत पायपीट. जीव नुसता विटला होता. “आये, सिद्धू आलोय गं,” म्हणालो अन् दिसेल त्या पाटावर मटकन बसलो.

आईनं भाकरी वाढली अन् दोन्ही हात पुढं केले. डावा माझ्या केसांना लागला. उजवा रिकाम्या पाटावर चाचपत राहिला.

“जोतिबा हायेस तू.”

“न्हाई आये, मी सिद्धू…”

“बास झालं रं! तू येतोस तवा त्यो न्हाई, त्यो येतो तवा तू न्हाईस. दोघं एकदम कवा बसलासा माज्यापाशी? मला लय दिसांपास्नं ठावं हाय. तूच सांगशील म्हणून गप हुते.”

कानशिलं तापली माझी. तोच इलेक्ट्रॉनांचा नियम! दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत धरले, तर अदलाबदलीनं काहीच बदलत नाही, अन् चिन्ह तर उलटायलाच हवं. स्वतःच्या उण्याइतकं असतं ते फक्त शून्य. म्हणून दोघं एका जागी मावत नाहीत. मी एकटा दोघं व्हायला निघालो होतो, अन् आईपाशी ना धड सिद्धू पोचत होता, ना मी.

“सिद्धू गेला, आये,” मी म्हणालो. मग मला रडू आवरेना.

आईनं उजवीकडचा पाट उचलून भिंतीला लावला. माझ्यापुढचं ताट चाचपून तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

“जेव आता,” ती म्हणाली. “लय दिस त्येच्या वाटचं जेवलास. आज तुज्या वाटचं जेव.”