ही भीमा, शी साखरबाई

तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. त्याआधी सात वर्षं पोरं सुखात असत.

गोष्ट सत्तावन्न सालची. इंदापूरच्या हायस्कुलात जोतीराम भोंग नावाचे इंग्रजीचे मास्तर होते. गाव सणसर, वय चोवीस, नोकरी हंगामी. ऊससुद्धा रानात अठरा महिने उभा असतो. मास्तरांची मुदत दर एप्रिलात संपायची. अशी दोन वर्षं गेल्यावर शाळेच्या कमिटीनं ठरवलं, की यंदा इन्स्पेक्टर येतील, त्यांचा शेरा बरा आला तर भोंगांना कायम करायचं, नाहीतर दुसरा माणूस बघायचा. सणसरला थोरल्या भावानं विहिरीवरचं इंजिन मास्तरांसाठी राखूनच ठेवलं होतं. "तुझं इंग्रजी झालं की ये, इंजनाला मानूस लागतोय," असं तो दर सणाला म्हणायचा. मास्तरांना इंजिनाची भीती नव्हती. त्यांच्यानं आठवीचा वर्ग सोडवत नव्हता, एवढंच.

काय होता तो वर्ग! आज तिथं तीन मजली इमारत आहे. तेव्हा पत्र्याची लांबट शेड होती, आणि दुपारी पत्रा तापला की कुणीतरी वरून खडे मारल्यासारखा टकटक वाजायचा. बेचाळीस पोरं, सगळी दहा-बारा मैलांतली. भाकरीच्या फडक्याचा, शाईचा आणि ओल्या पाटीचा असा एक मिळून वास यायचा. तो वास मास्तरांना अजूनही मधूनच येतो, आणि आला की ते चष्मा शोधायला लागतात.

तर शेरा बरा यावा म्हणून मास्तर उन्हाळ्यात बारामतीला, इंग्रजीच्या शिक्षकांच्या शिबिराला गेले. तीन आठवडे चाळीस मास्तर एका हॉलात सतरंज्यांवर झोपले. शिबिराचे प्रमुख विलायतेत दहा महिने राहून आले होते आणि मे महिन्यात बारामतीत पायमोजे घालत होते. त्यांचं सांगणं एकच : वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही. वस्तू दाखवायची, कृती करायची आणि वाक्य म्हणायचं. पोरांना नाही कळलं, तर तेच वाक्य आणखी स्पष्ट म्हणायचं. "साहेबाचं मूल आईकडून असंच तर शिकतं!"

"पण साहेबाच्या मुलाची आई मडम असते," दौंडचे एक मास्तर म्हणाले. त्यांना शेवटपर्यंत मागच्या रांगेत बसवण्यात आलं.

चाळीस बाप्ये मग एकमेकांना आंबा दाखवून "धिस इज अ मँगो" असं सांगत बसले. आंबा हे साधन त्या शिबिरात सर्वांत जास्त वापरलं गेलं, आणि दर वेळी नवं आणावं लागलं.

जूनमध्ये भोंग मास्तर नव्या पद्धतीनं वर्गात शिरले. "आय अ‍ॅम वॉकिंग टू द डोअर" म्हणत दाराकडे चालायचे, दार उघडायचे, लावायचे, परत फिरायचे. शाळेत पाणी भरणारी आणि घंटा वाजवणारी साखरबाई ओसरीवरून हे चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी तिनं विचारलं.

"मास्तर, बारामतीचं पानी बाधलं का वो?"

"नाही बाई. ही नवी पद्धत आहे."

"व्हय का? आमच्या चुलत्याला बी असंच झालं हुतं. सारखं दार उघडायचा, लावायचा. त्याला कुनी पद्धत म्हनलं न्हाय."

दारं-खिडक्यांपर्यंत पद्धत चालली. अडली ती माणसांपाशी.

मागच्या बाकावर भीमा बसायचा. पळसदेवचा, शाळेत उशिरा घातलेला, ओठावर मिसरूड फुटलेलं. मास्तरांनी त्याला उभं केलं, त्याच्याकडे हात केला आणि म्हणाले, "ही इज भीमा."

वर्गात हशा फुटला. पळसदेव तेव्हा अजून धरणात बुडालं नव्हतं. भीमा गावाशेजारून वाहत होती आणि 'ही भीमा' म्हटलं की आमच्या मुलखात नदीच दाखवतात. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. पण सांगायचं तर मराठीत सांगावं लागणार! म्हणून शिबिरातल्या सूचनेप्रमाणे त्यांनी वाक्य आणखी स्पष्ट म्हटलं. पोरं आणखी स्पष्ट हसली.

त्या दिवसापासून भीमा शाळेत आला की पोरं विचारायची, "भीमाबाई, आज उतार हाय का?" तो उशिरा आला तर, "पूर आला आसंल."

शेवटी तो बिचारा उभा राहिला. "मास्तर, मी बाई हाय का?"

"नो, नो," मास्तर कळवळून म्हणाले. "ही इज भीमा!"

भीमा हताश होऊन खाली बसला.

'शी'ची तर वेगळीच तऱ्हा. कॅलेंडरवरच्या कमळातल्या बाईकडे बोट दाखवून मास्तर "शी" म्हणाले, तेव्हा पुढच्या बाकावरच्या सोपाननं उठून शर्टाच्या बाहीनं चित्र पुसलं.

जुलै संपता संपता इन्स्पेक्टर आले. मागच्या बाकावर भीमाशेजारी बसले आणि त्यांनी वही उघडली. वहीत दोन रकाने होते. उजवा मराठीचा. मास्तरांच्या तोंडून मराठी निघालं की तिथं एक रेघ. साहेबही बारामतीच्याच पंथातले होते.

पंधरा मिनिटं उजवा रकाना कोरा राहिला. मास्तर दाराकडे चालले, खिडकी उघडली, फळा पुसला, सगळं त्या त्या वाक्यासकट. मग त्यांनी कॅलेंडर काढलं, तेव्हा साहेब इंग्रजीत म्हणाले, की चित्र कशाला, जिवंत माणूस घ्या.

त्या वर्षी आठवीत एकही मुलगी नव्हती. तेवढ्यात दारावरून साखरबाई कळशी घेऊन चालली होती. मास्तरांनी तिला खुणेनं आत बोलावलं. ती आली. कळशी कमरेवर, बेचाळीस पोरांसमोर जरा लाजलेली. मास्तरांनी तिच्याकडे ऐटीत हात केला.

"शी इज साखरबाई!"

"शी! इज साखरबाई!" बेचाळीस गळे एकदम ओरडले.

साखरबाईनं कळशी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मास्तर, शी कुनाला म्हन्ता? दोन वर्सं झाली, ह्याच हातचं पानी पिताय की." आणि हात पदराला पुसून तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

आता वाक्य आणखी स्पष्ट म्हणायचं. मास्तरांनी तोंड उघडलं. ओठांवर 'शी' आलं, आणि तिथंच थांबलं. मागच्या बाकावर पेन्सिल तयार होती. सणसरच्या इंजिनाची फटफट मास्तरांना इंदापुरात ऐकू आली.

"बाई, तसं नाही हो," ते म्हणाले.

पेन्सिलीनं रेघ मारली.

"ही त्या साहेबांची रीत. त्यांच्यात बाईमाणसाला शी म्हणतात. राणीला पण शीच म्हणतात."

"आन गड्याला?"

"गड्याला ही."

भीमा ताडकन उभा राहिला. "मंजी मी गडीच हाय, मास्तर?"

"गडीच आहेस बाबा."

"मग म्हैनाभर का सांगितलं न्हाईसा? नदी करून टाकली की माझी!"

साखरबाई मात्र अजून विचारात होती. "गड्याला ही आन बाईला शी," ती पुटपुटली. "मग त्येंचं राज्य गेलं ते बरंच झालं." मग हनुवटीनं मागच्या बाकाकडे खूण करून म्हणाली, "मंजी त्ये वही घिऊन बसल्यात, त्ये बी ही?"

"हो, ते पण."

"ही इज सायेब," साखरबाई म्हणाली.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. इतकं बिनचूक वाक्य त्या शेडमध्ये आजवर कुणी बोललं नव्हतं. वर्ग तिच्यामागून म्हणाला, ही इज सायेब. ही इज सोपान. ही इज भीमा, आणि कुणी हसलं नाही. शेवटी "शी इज साखरबाई" म्हटलं, तेव्हा ती फोटो काढायला उभं राहावं तशी पदर सावरून उभी राहिली. तास संपेपर्यंत मास्तर पोटभर मराठी बोलले. साहेबांचा रकाना भरला, तेव्हा त्यांनी पान उलटलं.

शेरा इंग्रजीत होता. शनिवारी कमिटी बसली. अध्यक्ष आप्पासाहेब, चाळीस एकर उसाचे धनी. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि ते त्यांनी बेचाळीस सालीच सोडलं असं ते सांगत. हेडमास्तरांना येत होतं. पण त्यांनी शेरेबुक भोंग मास्तरांपुढे सरकवलं. "ज्याचा शेरा त्यानंच वाचावा."

मास्तरांनी वाचला. एकच ओळ. वाटेल तो अर्थ सांगितला असता तरी आप्पासाहेबांना कळलं नसतं. मग त्यांनी डोळे मिटून शब्दाला शब्द लावला.

"शिक्षकाने वर्गात वारंवार मातृभाषेचा आश्रय घेतला."

आप्पासाहेबांनी पानाचा विडा गालात सरकवला. "पुन्यांदा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"भला मानूस दिसतोय की इन्स्पेक्टर!"

"आप्पासाहेब," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "ती तक्रार आहे."

"तक्रार? आईच्या आसऱ्याला गेल्याची?" आप्पासाहेब हेडमास्तरांकडे वळले. "सर, ह्यांनी सांगितला त्यो अर्थ बराबर हाय का?"

हेडमास्तर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. "शब्दाला शब्द बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर! आरं, येरवड्याला आमी काय शेंगा सोलायला गेलतो? ह्येच्यासाठीच गेलतो. लिवा ठराव."

कारकुनानं टाक शाईत बुडवला. ठराव वर पुण्याला जायचा आहे, तेव्हा इंग्रजीत घ्यायचा का, असं त्यानं विचारलं.

"मास्तर, कायमला इंग्रजीत काय म्हन्त्यात?"

"परमनंट."

आप्पासाहेबांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला. "ठिसूळ वाटतोय," ते म्हणाले. "मराठीतच लिवा."

मराठीत लिहिलेलं ते कायम पुढं एकतीस वर्षं टिकलं.